ट्रॉमा केअरचं रँकिंग नको, जखमी माणसाचा पूर्ण हिशोब हवा

मोठा अपघात झाल्यावर माणसाला कुठे न्यावं, कुठे वाचायची शक्यता जास्त, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण हा विषय निघाला की पुढची मागणी ठरलेली असते: सगळ्या हॉस्पिटलांचे मृत्युदर जाहीर करा, यादी लावा, पहिला कोण आणि शेवटचा कोण ते लोकांना कळू दे. या यादीला माझा विरोध आहे. मोजायला हवंच, आत्ता मोजतात त्यापेक्षा कितीतरी जास्त मोजायला हवं, पण ट्रॉमामध्ये, म्हणजे अपघाताच्या किंवा माराच्या गंभीर इजांमध्ये, एकेक हॉस्पिटल वेगळं काढून मोजलं की हिशोब चुकतोच, कारण जखमी माणसाचं जे काही व्हायचं ते एका इमारतीत होत नाही. थोडं रस्त्यावर होतं, थोडं अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, थोडं पहिल्या छोट्या हॉस्पिटलात, मग मोठ्या हॉस्पिटलात, आणि बरंचसं डिस्चार्जनंतर घरी. मोजायचं तर त्या माणसाला मोजा, तो पडला तिथपासून परत उभा राहिला किंवा राहू शकला नाही तिथपर्यंत.

आकड्यांची तुलना कशी फसते याचं एक जुनं आणि ठसठशीत उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं आहे. १८६३ मध्ये तिने इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांचे मृत्युदर छापले, त्यात लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा दर ९० टक्क्यांच्या वर दिसत होता. वाचणाऱ्याला वाटणार की आत गेलेल्या दहातले नऊ मेले. प्रत्यक्षात हे आकडे विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाच्या पद्धतीने काढलेले होते, वर वर्षभरातले मृत्यू आणि खाली छेदात फक्त एका दिवशी, ८ एप्रिल १८६१ ला, हॉस्पिटलात असलेले पेशंट. वर्षभरात आले, बरे झाले आणि घरी गेले ते लोक छेदात नव्हतेच. त्या काळच्या डॉक्टर मंडळींनी यावर झोड उठवली आणि ते बरोबरच होतं. तिचा हेतू चांगला होता, बेरीज बरोबर होती, छेद चुकला. ट्रॉमामधले बहुतेक वाद मला आजही छेदाचेच वाटतात, कोणाला मोजलं आणि कोणाला सोडलं याचे.

साधा मृत्युदर कामाचा नाही हे तर कोणीही मान्य करेल. ज्या हॉस्पिटलात न्यूरोसर्जन चोवीस तास आहे, रक्तपेढी आहे, तिथे सगळ्यात वाईट अवस्थेतले पेशंट जाणार आणि तिथेच जास्त मरणार. मनगट मोडलेले शंभर पेशंट बघणाऱ्या हॉस्पिटलचा दर शून्य येईल, त्यात कौतुक काही नाही. म्हणून इजा किती गंभीर हे आधी मोजावं लागतं आणि त्यासाठी गेल्या पन्नास वर्षांत बरंच चांगलं काम झालेलं आहे. १९७१ मध्ये एआयएस आला, म्हणजे प्रत्येक इजेला १ ते ६ अशी श्रेणी, १ किरकोळ आणि ६ म्हणजे जवळजवळ वाचणं अशक्य. १९७४ मध्ये बाल्टिमोरमध्ये सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून आयएसएस काढला: शरीराचे सहा भाग धरायचे, सगळ्यात जास्त मार लागलेल्या तीन भागांतली एकेक मोठी श्रेणी घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि तिन्ही वर्गांची बेरीज. जास्तीत जास्त ७५. साधारण १५ च्या वर गेला की मोठा ट्रॉमा समजतात.

आता हा स्कोअर जवळून बघा. एका पेशंटला फक्त डोक्याला मार आहे, पण तो श्रेणी ५ चा, मेंदूत मोठा रक्तस्राव. ५ चा वर्ग २५. दुसऱ्याची प्लीहा फाटली आहे, श्रेणी ४, आणि मांडीचं हाड मोडलंय, श्रेणी ३. १६ अधिक ९, पुन्हा २५. कागदावर दोघं सारखे. पण पहिला कदाचित शुद्धीवर येणारच नाही आणि दुसरा वेळेत ओटीत गेला तर काही महिन्यांत चालत असेल. आता एका हॉस्पिटलात पहिल्यासारखे पेशंट जास्त येतात आणि दुसऱ्यात दुसऱ्यासारखे, मग दोघांची २५ स्कोअरवाल्यांची तुलना केली तर काय हाती लागणार? अजून एक, दोन्ही मांड्यांची हाडं मोडली तरी तो शरीराचा एकच भाग, म्हणून एकदाच मोजायचा. ही खोट दूर करायला १९९७ मध्ये नवा आयएसएस आला, त्यात भाग न बघता सगळ्यात मोठ्या तीन इजा घेतात, तो थोडा बरा आहे.

नुसत्या आयएसएसवर कोणी थांबत नाही हेही सांगायला हवं. १९८७ पासून ट्रिस नावाची पद्धत आहे, त्यात आयएसएस, पेशंट आला तेव्हाचं बीपी, श्वासाचा वेग, शुद्धीचा ग्लासगो स्कोअर, वय ५५ च्या वर की खाली, आणि मार बोथट की भोसकल्याचा किंवा गोळीचा, हे सगळं घालून या पेशंटची जगण्याची शक्यता किती ते काढतात. मग सगळ्यांच्या शक्यता मिळवून अपेक्षित किती वाचायला हवे होते आणि प्रत्यक्ष किती वाचले यातला फरक दर शंभर पेशंटमागे मांडतात. याचा पाया होता १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या १३९ हॉस्पिटलांतून गोळा केलेली ८० हजारांवर पेशंटची माहिती. कल्पना उत्तम आहे, मला ती आजही आवडते, कारण त्यात प्रश्न असा विचारलेला आहे की अशा अवस्थेतला माणूस एरवी वाचला असता का. अडचण ही की उत्तर सगळं आत काय भरलं त्यावर अवलंबून आहे.

आत काय भरतात ते मी रोज बघते, कारण ट्रॉमा रजिस्ट्रीच्या, म्हणजे जखमी पेशंटच्या नोंदवहीच्या, नोंदी करणं हेच माझं काम आहे. केसपेपरवर नाडी असते, बीपी असतं, कारण मॉनिटर ते आपणहून दाखवतो. श्वासाचा वेग मात्र कोणीतरी छातीकडे बघत घड्याळ लावून मोजावा लागतो, आणि तिथे एकतर कोरा चौकोन असतो नाहीतर २०. पानं उलटत जा, २०, २०, १८, २०. माणसाचे श्वास इतके एकसारखे नसतात, विशेषतः बरगड्या मोडलेल्या माणसाचे. वेळांचंही तसंच, पेशंट आला १०:००, सर्जनने बघितलं १०:१५, सीटी १०:३०, सगळं काम आटपल्यावर आठवून लिहिलेलं. यात कोणाचा दोष काढायचा नाहीये मला, जो माणूस छातीत नळी घालतोय त्याने घड्याळ बघून चौकोन भरायचा कधी? पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या, सगळ्यात जास्त कोरे चौकोन सगळ्यात वाईट पेशंटच्या कागदावर असतात, कारण तिथे सगळ्यांचे हात कामात होते. आणि कोरे चौकोन असलेले पेशंट हिशोबातून वगळले की नेमके तेच जातात ज्यांच्यावरून हॉस्पिटलची खरी परीक्षा व्हायची. जे आधीच श्वासनलिकेत नळी घालून, बेशुद्ध करून आणले त्यांचा बोलण्याचा ग्लासगो स्कोअर घेताच येत नाही, तेही असेच गळतात. इंग्लंडच्या टार्न रजिस्ट्रीने नंतर आपलं गणित बदलून नळी घातलेल्यांचा वेगळा गट धरला आणि पेशंटचे जुने आजारही त्यात घेतले, हे शहाणपणाचं होतं.

याहून विचित्र गोष्ट सांगते. ज्या हॉस्पिटलात प्रत्येक गंभीर पेशंटचा डोक्यापासून खालपर्यंत सीटी होतो आणि ज्यांच्याकडे इजांचे कोड लावणारा अनुभवी माणूस आहे, तिथे बारीकसारीक इजासुद्धा सापडतात, नोंदल्या जातात, स्कोअर वर जातो, अपेक्षित मृत्यू वाढतात आणि हॉस्पिटल गणितात चांगलं दिसतं. उलट एखाद्या ठिकाणी पेशंट सीटीआधीच गेला आणि पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट रजिस्ट्रीपर्यंत पोचलाच नाही, तर कागदावर राहतात दोन किरकोळ फ्रॅक्चर आणि एक मृत्यू, म्हणजे गणिताच्या दृष्टीने हा माणूस मरायलाच नको होता. दोन्हीकडचे डॉक्टर तितकेच चांगले असतील, फरक पडला स्कॅनरचा, कोडिंगचा आणि एका न आलेल्या रिपोर्टचा.

मग छोट्या आकड्यांचा प्रश्न. एका हॉस्पिटलात वर्षाला ४० गंभीर पेशंट येतात आणि त्यांच्या इजांवरून ४ मृत्यू अपेक्षित आहेत असं धरा. उपचारात काडीचाही बदल न होता, निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी १ जाईल, एखाद्या वर्षी ८, म्हणजे अडीच टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत काहीही. यादीत हेच हॉस्पिटल एका वर्षी वर आणि पुढच्या वर्षी तळाला. १००० पेशंटवाल्या हॉस्पिटलचा दर मात्र आठ ते बारा टक्क्यांच्या आसपासच फिरणार, म्हणून ते कायम मधे कुठेतरी. यादीच्या दोन्ही टोकांना छोटी हॉस्पिटलं दिसतात त्याचं मोठं कारण हे आहे. यावर उपाय आहे, फनेल प्लॉट नावाचा आलेख, आडव्या अक्षावर पेशंटची संख्या आणि दोन्ही बाजूंना योगायोगाची मर्यादा दाखवणाऱ्या रेषा, जो रेषेबाहेर गेला त्याच्याकडे जाऊन चौकशी करायची आणि आतल्यांना नंबर द्यायचेच नाहीत. सांख्यिकीवाले हे कधीपासून सांगतायत, पण बातमीला नंबर हवा असतो.

इथपर्यंतच्या सगळ्या अडचणी गणित सुधारून कमी करता येतात हे मी मान्य करते. पण पुढची अडचण गणिताने सुटत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

समजा एका माणसाला संध्याकाळी गाडीने उडवलं. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात नेलं, तिथे दोन तास गेले, सर्जन मिळेना, मग मोठ्या हॉस्पिटलला फोनाफोनी, तिकडे बेड आहे का, अ‍ॅम्ब्युलन्स कधी येणार, शेवटी तो पोचला तेव्हा बीपी लागत नव्हतं आणि तासाभरात गेला. हा मृत्यू कोणाच्या नावावर? नियमाप्रमाणे मोठ्या हॉस्पिटलच्या. पहिल्याच्या कागदावर लिहिलं जाणार की पेशंट पुढे पाठवला, त्यांचा मृत्युदर स्वच्छ. आणि तो वाटेतच गेला असता तर कदाचित कोणाच्याच नावावर नाही, कारण आणण्यापूर्वीच मृत झालेले बऱ्याच हिशोबांत धरत नाहीत. म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स जितकी हळू तितका मोठ्या हॉस्पिटलचा आकडा चांगला, कारण वाईट अवस्थेतले दारापर्यंत पोचतच नाहीत! यात जे दोन तास गेले, ज्यांनी तो माणूस मेला, ते दोन तास कोणत्याच हॉस्पिटलच्या रिपोर्ट कार्डवर येत नाहीत. मोठ्या हॉस्पिटलने दारापासून ओटीपर्यंतची वेळ अगदी मिनिटांत आणली तरी त्या माणसाला काय उपयोग?

दुसऱ्या टोकालाही हेच. हिशोब डिस्चार्जला थांबला की जो पेशंट लवकर दुसरीकडे हलवला, ज्याला नातेवाईक आशा सोडून घरी घेऊन गेले, तो वाचलेल्यांत धरला जातो. २००६ मध्ये अमेरिकेत एलन मॅकेन्झी यांच्या गटाचा मोठा अभ्यास आला, ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींसाठी खास सज्ज असलेली हॉस्पिटलं, आणि साधी हॉस्पिटलं यांची तुलना करणारा. हॉस्पिटलातले मृत्यू ७.६ टक्के विरुद्ध ९.५ टक्के, म्हणजे फरक दोन टक्क्यांहूनही कमी. पण एक वर्षानंतर तेच पेशंट बघितले तर १०.४ विरुद्ध १३.८, फरक ३.४. हॉस्पिटलच्या दारात मोजणी थांबवली असती तर चांगल्या उपचाराचा जवळपास अर्धा फायदा दिसलाच नसता.

आणि जगला म्हणजे काय ते तरी कोण विचारतं? तरुण माणूस वाचला, आकडा छान, पण तो बोलू शकत नाही, कोणाला ओळखत नाही, आई त्याला भरवते. दुसरा वाचला आणि सहा महिन्यांत कामावर गेला. यादीत दोघं एकाच रकान्यात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या रजिस्ट्रीत गंभीर जखमींना सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी फोन करून विचारतात की चालता येतं का, दुखतं का, कामावर परत गेलात का. हे फोन करणं खर्चाचं आणि किचकट आहे, माणसं पत्ता बदलतात, फोन उचलत नाहीत, पण मला वाटतं ट्रॉमा केअरबद्दलचा सगळ्यात खरा प्रश्न हाच आहे. ज्याचं हाड वेडंवाकडं जुळलं किंवा ज्याला फिजिओथेरपी मिळालीच नाही तो मृत्युदरात कधीच येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की हिशोब भागाचा करा. एखाद्या जिल्ह्यात किंवा विभागात वर्षभरात जितके लोक गंभीर जखमी झाले, जागेवर मेले ते धरून, त्या सगळ्यांचं काय झालं. हे हवेतलं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात वेस्ट आणि ट्रंकी यांनी दोन काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, तुलना केली. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच ट्रॉमा सेंटरला जायचे, ऑरेंज काउंटीत जे जवळ असेल त्या हॉस्पिटलला. त्यांनी हॉस्पिटलचे आकडे न घेता पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट घेतले, म्हणजे गाडीच्या अपघातातला जो माणूस हॉस्पिटलात पोचल्यावर मेला तो, कुठल्याही हॉस्पिटलात मेला असो, हिशोबात. मेंदूला मार नसलेल्या मृत्यूंपैकी ऑरेंज काउंटीत सुमारे दोन तृतीयांश टाळता आले असते असं निघालं, आणि सॅन फ्रान्सिस्कोत सगळे मृत्यू मिळून असा एकच सापडला. या अभ्यासाने कुठल्या हॉस्पिटलला पहिला नंबर दिला नाही, व्यवस्था चुकली आहे एवढं दाखवलं, आणि पुढे ऑरेंज काउंटीने ट्रॉमा सेंटरं ठरवून दिली तेव्हा टाळता येण्यासारखे मृत्यू कमी झाले. एकेका हॉस्पिटलचा दर बघत बसले असते तर हे कधी कळलं असतं असं मला वाटत नाही.

इंग्लंडमध्ये १९८८ मध्ये अशीच मृत्यूंची छाननी झाली, त्यात हॉस्पिटलात झालेल्या ट्रॉमा मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश टाळता येण्यासारखे होते असं निघालं. त्यानंतर रजिस्ट्री उभी राहिली, पण विभागवार नेटवर्कं व्हायला २०१२ उजाडलं, मधली वीस-बावीस वर्षं मोजणी होती आणि व्यवस्था तीच होती. नेटवर्क म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना ठरवून दिलेलं की अशा पेशंटला जवळचं हॉस्पिटल ओलांडून थेट मोठ्या सेंटरला न्या, आणि सेंटरने बेड नाही म्हणायचं नाही. २००८ ते २०१७ च्या एक लाख दहा हजार पेशंटवरून केलेल्या हिशोबात, पेशंट किती गंभीर होते ते धरूनही, जगण्याचे ऑड्स, म्हणजे वाचलेले आणि मेलेले यांचं गुणोत्तर, १९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. नुसतं मोजून माणसं वाचत नाहीत हे यातून दिसतं, आणि मोजलं नसतं तर वाचली हे कळलंही नसतं.

याच इंग्लंडच्या आकड्यांतून अजून एक गोष्ट बाहेर आली जी कोणाच्या मनात नव्हती. ट्रॉमा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तरुण बाइकवाला येतो, पण तिथे मोठ्या ट्रॉमाचं सगळ्यात मोठं कारण निघालं दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणं, बहुतेक म्हातारी माणसं, घरातल्या घरात. आजी बाथरूममध्ये पडली, बोलतेय, चालतेय, म्हणून तिला कोणी ट्रॉमा धरत नाही, मोठ्या सेंटरला नेत नाही, सीटी उशिरा होतो आणि मग कळतं डोक्यात रक्त साठलंय. जे हॉस्पिटल फक्त ट्रॉमा टीम बोलावलेले पेशंट मोजतं त्याच्या हिशोबात ही आजी येणारच नाही. पुन्हा छेद.

यावर लोक म्हणतात की भागाचा हिशोब केला तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतील, निदान यादीमुळे हॉस्पिटलांना लाज तरी वाटते. आक्षेप खरा आहे, मी तो झटकत नाही. पण लाजेने काय होतं ते हार्ट सर्जरीत दिसलंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने बायपासचे मृत्युदर सर्जनच्या नावासकट छापायला सुरुवात केली, आणि १९९६ मध्ये छापलेल्या पाहणीत बहुतेक सर्जननी सांगितलं की जास्त गंभीर पेशंट घ्यायची आमची तयारी आता कमी झाली आहे. ट्रॉमात पेशंट निवडता येत नाही असं म्हणतात, पण बेड नाही, न्यूरोसर्जन सुट्टीवर आहे, व्हेंटिलेटर रिकामा नाही, ही वाक्यं कुठल्याही हॉस्पिटलला बोलता येतात आणि फोनवर ती खरी की खोटी कोणाला कळत नाही. यादीत वर यायचा सगळ्यात सोपा मार्ग जर मरणाऱ्याला दारातून परत पाठवणं हा असेल तर अशी यादी लावणाऱ्यांनी दहा वेळा विचार करावा.

हॉस्पिटलची जबाबदारी ठरवायला नक्की काय मोजायचं ते मी सांगते. जे त्यांच्या हातात आहे तेच. रक्तस्राव होणाऱ्या पेशंटला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध तीन तासांच्या आत दिलं की नाही. क्रॅश-२ हा अभ्यास २०१० मध्ये आला, ४० देशांतले २० हजारांवर पेशंट, औषध दिलेल्यांत मृत्यू १४.५ टक्के आणि न दिलेल्यांत १६.०, नंतर कळलं की फायदा लवकर देण्यात आहे आणि तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. औषध स्वस्त आहे, द्यायला सोपं आहे, ते दिलं की नाही हे हो किंवा नाहीमध्ये सांगता येतं, त्याला ४० पेशंटचं वर्षही पुरतं. उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक तासाभरात मिळालं का, डोक्याचा मार असलेल्याचा सीटी किती वेळात झाला, पुढे पाठवायचं ठरल्यावर पेशंट किती मिनिटांत निघाला. आणि किती फोन आले, किती पेशंट नाकारले आणि काय कारण दिलं, हेसुद्धा, नावासकट जाहीर.

अर्थात वेळेच्या टार्गेटलाही कीड लागते. इंग्लंडमध्ये कॅज्युअल्टीतून चार तासांत पेशंट हलवायचं टार्गेट ठेवलं तेव्हा असं दिसलं की पेशंट हलवण्याचा मोठा उंचवटा चार तास पूर्ण होण्याच्या अगदी आधीच्या मिनिटांत येतो. बरे व्हायला किंवा निर्णय घ्यायला सगळ्यांना तीन तास पन्नास मिनिटं लागत नाहीत, घड्याळासाठी हलवले. म्हणून घड्याळ हॉस्पिटलच्या दारात सुरू करायचं नाही, फोन आला तेव्हापासून करायचं, म्हणजे पेशंटला बाहेर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ताटकळत ठेवून कोणाचा आकडा सुधारणार नाही.

अजून एक आकडा मी हॉस्पिटलच्या नावाने, मोठ्या अक्षरात लावायला सांगेन, तो म्हणजे रजिस्ट्रीत किती टक्के पेशंट आले आणि किती चौकोन कोरे राहिले. जे हॉस्पिटल शंभरातले पन्नासच जखमी नोंदवतं त्याचा मृत्युदर छापूच नये, तिथे नोंद अपुरी एवढंच लिहावं. लपवणाऱ्याला आज बक्षीस मिळतं आणि प्रामाणिकपणे सगळं भरणारा वाईट दिसतो, हे उलटं व्हायला हवं. बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन होता, त्याने शंभर वर्षांपूर्वी हट्ट धरला की प्रत्येक पेशंटचं शेवटी काय झालं ते हॉस्पिटलने शोधून काढून छापलं पाहिजे. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलचा हिशोब त्याने खरंच छापला, १९११ ते १९१६ मध्ये ३३७ पेशंट घरी गेले आणि १२३ चुका झाल्या, चुकांचे प्रकारही दिले. सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं. आजही जो पहिला खरे आकडे देईल त्याचं तसंच होईल, म्हणून नोंद ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ती सगळ्यांना एकदम सक्तीची हवी.

आणि जे मृत्यू गणिताच्या हिशोबाने व्हायला नको होते त्यांची छाननी बंद खोलीत, मोकळेपणाने, अ‍ॅम्ब्युलन्सवाले आणि पहिलं हॉस्पिटल दोघांना बोलावून व्हायला हवी. शक्यता ९५ टक्के होती आणि माणूस गेला याचा अर्थ चूक झालीच असा नाही, अशा शंभरात पाच जाणारच, पण तो कागद उघडून वाचायला हवा एवढा अर्थ नक्की आहे. एकच केस चार डॉक्टरांनी वाचली तरी टाळता येण्यासारखा मृत्यू होता का यावर एकमत होत नाही, म्हणून एकाच्या मतावर कोणाला सुळावर चढवू नये. तिथे बोललेलं कोर्टात वापरता येत असेल तर कोणी तोंड उघडणार नाही, त्यामुळे त्या चर्चेला कायद्याचं संरक्षण द्या. त्याबरोबर नातेवाइकांना काय झालं ते खरं सांगायची सक्तीही करा, ते दोन तास कुठे गेले हे त्या माणसाच्या बायकोला कळायलाच हवं.

हे सगळं करायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत, माणसं लागतात. इजांचे कोड लावायला एआयएसच्या पुस्तकातले दोन हजारांच्या आसपास कोड माहीत असलेला माणूस, पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट मागवणारा माणूस, सहा महिन्यांनी फोन करणारा माणूस. बजेट कापायची वेळ आली की या जागा आधी जातात कारण त्या पेशंटला हात लावत नाहीत. मग हेच काम रात्रीच्या ड्युटीनंतर ज्युनिअर डॉक्टरच्या गळ्यात पडतं आणि श्वासाच्या चौकोनात २० लिहिलं जातं. त्यामुळे ट्रॉमा सेंटरची मान्यता देताना ओटी किती आणि आयसीयूचे बेड किती हे विचारतात तसंच रजिस्ट्रीला पूर्ण पगारावर किती माणसं नेमलीत हे विचारा, आणि उत्तर शून्य असेल तर मान्यता देऊ नका.